वेशीबाहेरची टाळेबंदी

(देणगीदार व प्रार्थना-साथी यांच्या जानेवारी २०२१ मधील मेळाव्यात केलेले भाषण)



कित्येक महिन्यांनी आपण असे समोरासमोर बसलो आहोत. तोंडाला मास्क आहे, खुर्च्यांमध्ये अंतर आहे, पण एकमेकांचे डोळे तरी दिसतात. दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, राज्यातली प्रार्थनास्थळे उघडली, तेव्हा मंडळीत पाऊल टाकताना अनेकांचे डोळे भरून आले. आपल्यातली काही माणसे आज या खुर्च्यांवर नाहीत. त्यांच्या कुटुंबीयांना प्रभू सांत्वन देवो.

मला सांगितले होते की टाळेबंदीतल्या मदतकार्याबद्दल बोला. किती पिशव्या वाटल्या, किती खर्च झाला, हे खजिनदारांच्या अहवालात आले आहे. ते मी पुन्हा वाचत नाही. त्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत सातारा आणि सांगली जिल्ह्यांत वस्त्यांवर फिरताना मी जे पाहिले, त्यातली एक गोष्ट मला आपल्यापुढे ठेवायची आहे. ती गोष्ट म्हणजे भीती. माणूस भ्याला की दार लावतो. दार लावणे गरजेचे होते, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण दार लावताना आपण कोणाला बाहेर ठेवतो, हे पाहायला हवे.

ते दिवस थोडे आठवू या. २२ मार्च, रविवार. जनता कर्फ्यू. मला आठवते तेव्हापासून पहिल्यांदा आमच्या मंडळीत रविवारची घंटा वाजली नाही. २३ तारखेला राज्यात संचारबंदी आली आणि जिल्ह्यांच्या हद्दी बंद झाल्या. २४ला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी एकवीस दिवसांची देशभर टाळेबंदी सांगितली, आणि २५ला गुढीपाडवा उजाडला. गुढ्या उभ्या राहिल्या, पण रस्त्यावर चिटपाखरू नव्हते.

भीती मात्र त्याच्या आधीच आली होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोबाईलवर फिरले की कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो. बघता बघता कोंबडीचा भाव कोसळला आणि पोल्ट्रीवाले बुडाले. मग टाळेबंदीत तासगावकडे द्राक्षे वेलीवर राहिली, महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरीला गिऱ्हाईक उरले नाही. शेतकऱ्याचे नुकसान पेपरात आले, आणि ते यायलाच हवे होते. पण त्या बागेत रोजंदारीवर येणारी बाई, ती पेपरात आली नाही. तिची मजुरी त्याच दिवशी थांबली.

सांगलीत २३ मार्चला कळले की परदेशातून इस्लामपूरला परतलेल्या चौघांना लागण झाली आहे. पुढच्या काही दिवसांत त्यांच्या नात्यागोत्यातला आकडा सव्वीसपर्यंत गेला. सगळ्या महाराष्ट्राचे डोळे इस्लामपूरकडे लागले. प्रशासनाने परिसर बंद केला, घरोघरी तपासणी केली, मिरजेच्या शासकीय रुग्णालयात उपचार झाले, आणि एप्रिल सरायच्या आत त्यातली बहुतेक माणसे बरी होऊन घरी आली. नंतर याच कामाचे कौतुक झाले. पण त्या मधल्या दिवसांत "इस्लामपूरचा" हा शब्द शिवीसारखा झाला होता. ज्याचा त्या घराशी दुरूनही संबंध नाही, त्या भाजीवाल्यालाही लोक गाव विचारत होते. गाडीवर एमएच १० दिसले की साताऱ्याच्या बाजूला लोक वळून बघत. माझ्याकडे धान्यवाटपासाठी तहसील कार्यालयाचा पास होता. कराड ओलांडून कासेगावकडे जाताना जिल्ह्याची हद्द लागते. एरवी ती कधी लक्षातही येत नाही. त्या दिवसांत तिथे दोन देशांची सीमा असावी असे वाटे.

मग गावांनी आपापल्या वेशी बंद केल्या. बाभळीची काटेरी झुडपे आडवी टाकली, कुठे बैलगाडी, कुठे बांबू. फळ्यावर खडूने लिहिले, "बाहेरच्यांना प्रवेश नाही." आधी बाहेरचा म्हणजे परदेशातला. मग बाहेरचा म्हणजे पुण्या-मुंबईचा. साताऱ्याच्या पाटण, जावळी, माण, खटाव भागातली किती माणसे मुंबईत माथाडी काम करतात, हे आपल्याला माहीत आहे. सांगलीच्या खानापूर, आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक देशभर पसरले आहेत. ज्यांच्या मनिऑर्डरीवर गावातली घरे उभी राहिली, ज्यांच्या वर्गणीवर जत्रा झाल्या, तीच माणसे परतली तेव्हा त्यांना शाळेत चौदा दिवस ठेवावे लागले. तो नियम आरोग्यासाठी होता, आणि योग्यच होता. पण त्या शाळेच्या खिडकीकडे गाव ज्या नजरेने बघत होते, ती नजर कोणत्याही नियमात लिहिलेली नव्हती. एका शाळेत ठेवलेला एक तरुण मला म्हणाला, "ताई, चुलता रोज डबा आणतो. पण फाटकाबाहेर ठेवतो, हाक मारतो आणि मी दिसायच्या आत निघून जातो."

त्या तरुणाचे चौदा दिवस संपले आणि तो घरी गेला. ज्यांचे चौदा दिवस कधीच संपत नाहीत, त्यांच्याबद्दल मला आता सांगायचे आहे.

आपण ज्यांच्यात काम करतो ते कोण आहेत? साताऱ्याच्या डोंगरी भागात, कोयनेच्या पाण्याच्या काठाने, वाई-खंडाळ्याच्या कडेला कातकरी वस्त्या आहेत. सांगली-मिरजेच्या आसपास, जतकडे, तासगावकडे पारधी समाजाची पाले आहेत. त्यांच्याबरोबर गोसावी, डोंबारी, नंदीवाले अशी फिरती कुटुंबे असतात. कातकरी मासे आणि खेकडे धरून विकतो, लाकूडफाटा विकतो, वीटभट्टीवर नाहीतर कोळसा भट्टीवर उचल घेऊन राबतो. पारधी बाई बाजाराच्या दिवशी चार पैसे मिळवते. यातले एकही काम घरात बसून होत नाही. बाजार बंद म्हणजे चूल बंद.

"घरात राहा, सुरक्षित राहा," असे रोज गाडी फिरून सांगत होती. चार बांबू आणि वर प्लास्टिकचा कागद, हे ज्याचे घर, त्याने आत राहायचे म्हणजे कुठे? एका पालात आठ माणसे. दुपारी आत बसवत नाही. "वारंवार हात धुवा." पाणी गावातल्या हापशावर, आणि हापसा वेशीच्या आत. एप्रिलमध्ये एका वस्तीवरच्या बायका मला म्हणाल्या, "आम्हाला सांगितलंय, सकाळी गाव उठायच्या आत पाणी भरून जा. दिवसा दिसू नका." म्हणजे हंडे भरण्यासाठी पहाटे चारला उठायचे. त्या पाण्यातले किती हात धुण्यासाठी वापरायचे, हे आपणच सांगा.

५ एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे बंद करून पणत्या लावायच्या होत्या. आपल्यासाठी तो झावळ्यांचा रविवारही होता. आदल्या दिवशी मी एका पालावर धान्य घेऊन गेले होते. तिथला दहा-अकरा वर्षांचा मुलगा म्हणाला, "ताई, आमच्यात लाईटच नाही. आम्ही काय बंद करायचं?" तिथली मोठी माणसे हसली. मीही हसले. पण परत येताना ते हसू टिकले नाही.

त्याच वस्तीवर एक आजी आहे. तिने माझ्या हातातला पास पाहिला. म्हणाली, "हे काय?" मी सांगितले, "आजी, हा कागद असला तरच पोलीस जाऊ देतात." ती म्हणाली, "आमच्या बापाकडंबी असा कागद होता."

आजीने जे सांगितले त्याचा इतिहास आपल्यातल्या तरुणांना ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला आणि काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. पुढे १९११च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. पारध्यांसारख्या जमाती त्यात अडकल्या. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हद्द सोडायची नाही, गावाला जायचे तर पास घ्यायचा. काहींना तर कुंपण घातलेल्या वसाहतींत ठेवले. सोलापूरची वसाहत प्रसिद्ध आहे. आणि हेही आपण विसरू नये की देशात अशा काही वसाहती चालवण्याचे काम मिशनांकडेही होते. तिथे शाळा झाल्या, दवाखाने झाले, हे खरे. कुंपण होते, हेही खरे. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा गेला. म्हणून हे समाज आजही त्या दिवसाला आपला मुक्तिदिन मानतात.

आपल्याला टाळेबंदीचा पहिला आठवडा जड गेला. पास नाही म्हणून आपण चिडलो. पोलिसांनी चौकात थांबवून "कुठे चाललात?" असे विचारले तर आपल्याला अपमान वाटला. पारधी माणसाला हा प्रश्न आयुष्यभर विचारला जातो. म्हणून मी म्हणते की त्या दिवसांनी आपल्याला एक शिकवण दिली. संशयाखाली जगणे कसे असते, हे आपल्याला थोडेसे कळले. ते आता गाड्या सुरू झाल्या म्हणून विसरू नका.

आणि संशय किती दूर जाऊ शकतो हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आली आहे अशा अफवेवरून, पाच जणांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, मंगळवेढ्याकडचे, पोटासाठी फिरणारे गरीब लोक होते. तेव्हा कोरोना नव्हता. मोबाईलवरची अफवा होती आणि अनोळखी माणसाची भीती होती. म्हणून मागच्या मार्चमध्ये जेव्हा गावोगावच्या ग्रुपवर "फिरते लोक रोग पसरवत आहेत" असे संदेश यायला लागले, तेव्हा आमच्या पोटात गोळा आला. आम्ही फिरत्या कुटुंबांना निरोप दिले की जिथे आहात तिथेच थांबा, अंधारात रस्त्याने जाऊ नका, आम्ही धान्य तिथे आणतो. रोगापेक्षा आम्हाला माणसांची धास्ती जास्त वाटत होती.

आता भुकेविषयी बोलते. सरकारने काही केले नाही असे मी म्हणणार नाही. २६ मार्चला केंद्राने जाहीर केले की रेशनकार्डातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मोफत, आणि कार्डामागे एक किलो डाळ. महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने पाचशे रुपये आले. शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांना झाली. ही मोठी मदत होती. अनेक घरे तिच्यावर तगली.

पण या सगळ्याच्या आधी एक शब्द आहे: कार्ड. ज्याच्याकडे कार्ड नाही त्याच्यासाठी गोदामात धान्य असूनही ते नसल्यासारखे. कार्डासाठी आधार लागते, राहण्याचा पुरावा लागतो. जो पालात राहतो त्याचा पुरावा कोण देणार? एका वस्तीवर काही घरांची कार्डे होती, पण ती दुसऱ्या तालुक्यातल्या दुकानाला जोडलेली, आणि तालुक्याची वेस ओलांडायला पास नाही. काहींची कार्डे जुनी, त्यात सुना-नातवंडांची नावे नाहीत. घरात नऊ तोंडे आणि कार्डावर तीन नावे. एका कुटुंबाचे कार्ड उचलीच्या बदल्यात एका भट्टीमालकाकडे अडकून पडले होते. ते सोडवायला आम्हाला तीन चकरा माराव्या लागल्या.

वास्तविक कातकरी ही आदिम जमात आहे. नियमाप्रमाणे त्यांचे प्रत्येक कुटुंब अंत्योदय योजनेला पात्र आहे. म्हणजे महिन्याला पस्तीस किलो धान्य, २०२० मध्ये गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलोने. नियम आहे, योजना आहे, धान्यही आहे. त्यांच्यामध्ये एक कागद नाही. म्हणून आपण वाटलेल्या पिशवीबद्दल मी देवाचे आभार मानते, तुमचेही मानते, पण एवढे सांगते की पिशवी पंधरा दिवस पुरली. कार्ड आयुष्यभर पुरेल.

ऊसतोड मजुरांचेही असेच. गळीत हंगाम संपत आला होता आणि बीड-नगरकडची कुटुंबे आपल्या भागातल्या कारखान्यांवर अडकली. बैल, कोपी, लहान लेकरे, आणि घरी म्हातारी माणसे. १७ एप्रिलला राज्य सरकारने तपासणी करून त्यांना घरी जाऊ देण्याचा निर्णय घेतला. राज्यात अशी एक लाख एकतीस हजार माणसे होती. त्यांच्यासाठी बोलणारे कोणीतरी होते म्हणून निर्णय झाला. फिरत्या जमातींच्या वतीने इतक्या मोठ्याने बोलणारे कोणी नव्हते.

आता एक प्रसंग सांगते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सांगली जिल्ह्यातल्या एका पालावरून रात्री साडेनऊला फोन आला. सून बाळंतीण होणार, कळा सुरू झाल्या आहेत. १०८ ला फोन केला. गाडी निघाली, पण पालाकडे येणारा रस्ता एका गावातून जात होता आणि वेशीवर काटे टाकलेले. राखणीला बसलेली मुले वाईट नव्हती. घाबरलेली होती. "पालावर कोरोना आहे" असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. मी फोनवर विनवण्या करत होते. ऐकणार कोण? मी त्यांना अनोळखी.

मग मी त्या गावच्या आशाताईला फोन केला. तिची आणि माझी ओळख फक्त लसीकरणाच्या यादीपुरती. ती जेवत होती. ताट तसेच ठेवून ती वेशीवर गेली आणि त्या मुलांना म्हणाली, "मी या बाईला तपासलंय, तिला ताप नाही. आणि तुम्ही जन्मलात तेव्हा कोणी वाट अडवली नव्हती. काटे उचला." त्याच मुलांनी काटे उचलले. एक जण मोटारसायकल घेऊन पुढे वाट दाखवायला गेला. पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप.

मी यावर बराच विचार केला. ती मुले काय युक्तिवादाने बदलली? नाही. आशाताई त्यांची होती आणि ती पालावरही जाऊन आलेली होती. दोन्हीकडे ओळख असलेले एक माणूस मध्ये उभे राहिले आणि वाट उघडली. प्रियजनांनो, मंडळीचे काम याहून वेगळे आहे का? आपले गावात घर आहे, ऐपत आहे, तहसीलदार कचेरीत आपले ऐकले जाते. आपण पालावरही जाऊन आलेलो असलो, तरच वेळ आली की मध्ये उभे राहता येईल.

आपल्या मंडळीनेही गेल्या वर्षीचा उत्तम शुक्रवार आणि ईस्टर घरात बसून पाळला. १२ एप्रिलला पुनरुत्थानाचा दिवस, आणि चर्चला कुलूप. पुष्कळांना वाईट वाटले. मी त्या सकाळी योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय वाचला. पहिल्या ईस्टरच्या संध्याकाळी शिष्य कुठे होते? दारे लावून आत बसले होते, आणि योहान कारणही सांगतो: भीती. प्रभूने त्यांना त्याबद्दल दोष दिला नाही. तो बंद दारांतून आत आला, त्यांना शांती दिली, आपल्या हातांवरच्या खुणा दाखवल्या. आणि लगेच त्यांना बाहेर पाठवण्याची गोष्ट बोलला. भ्यालेल्या माणसांना त्याने शांती दिली ती आतच ठेवून घेण्यासाठी नव्हे.

लेवीय पुस्तकात चर्मरोग्याला छावणीबाहेर राहायचा नियम आहे. तो नियम इतरांच्या रक्षणासाठी होता. पण त्याच पुस्तकात याजकाने स्वतः छावणीबाहेर जाऊन त्याला तपासावे असेही सांगितले आहे. वेगळे ठेवलेल्या माणसाकडे कोणीतरी जायचे आहे, हे त्याच नियमाचे दुसरे अंग आहे. आपला प्रभू तर वेशीबाहेरच मेला. त्याला शोधायचे तर वेशीबाहेर जावे लागते.

आपल्या भागाला याची उदाहरणे नवीन नाहीत. सावित्रीबाई फुले आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. १८९७च्या प्लेगमध्ये, लोक गावे सोडून पळत असताना, त्यांनी मुंढव्याच्या आजारी मुलाला उचलून दवाखान्यात नेले आणि त्याच रोगाने १० मार्चला त्यांचा अंत झाला. मिरजेत डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले. सांगली-मिरजेच्या मध्ये वानलेसवाडी आहे, तिथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. क्षयाच्या रोग्याला तेव्हा घरातही कोणी जवळ करत नव्हते. मिरजेतच कुष्ठरोग्यांसाठी रिचर्डसन रुग्णालय आहे. या सर्वांनी रोगाची काळजी घेतली आणि रोग्याला सोडले नाही. आपण मास्क लावू, अंतर ठेवू, हात धुवू. आणि तरीही जाऊ.

धान्य वाटताना आमच्या कार्यकर्त्यांनी एक नियम पाळला, तोही सांगते, कारण काहींनी मला त्याबद्दल विचारले आहे. आम्ही धान्याबरोबर पत्रके दिली नाहीत, प्रार्थना करायला कोणाला बसवले नाही. एका ज्येष्ठ बांधवांनी विचारले, "मग सुवार्तेचे काय?" मी त्यांना म्हटले, "काका, ज्याच्या घरी तीन दिवस चूल पेटली नाही, तो आपल्याला नाही म्हणू शकत नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचे हो आपण कसे मोजायचे?" ज्यांनी स्वतःहून प्रार्थना मागितली त्यांच्यासाठी आम्ही तिथेच, लांब उभे राहून प्रार्थना केली. धान्य सर्वांना दिले, कोणत्या देवाला मानतो हे न विचारता. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला धर्म विचारल्याचे लूक लिहीत नाही.

आता पुढच्या वर्षासाठी तीन विनंत्या करते आणि थांबते.

पहिली विनंती कागदांची. या वर्षी जमेल तेवढ्या कातकरी आणि पारधी कुटुंबांचे आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला आणि मुलांची जन्मनोंद पूर्ण करायची, असे आम्ही ठरवले आहे. यासाठी पैशांपेक्षा माणसे हवीत. आपल्या मंडळीत निवृत्त तलाठी आहेत, शिक्षक आहेत, कचेरीत काम केलेले बांधव आहेत. महिन्यातला एक दिवस द्या. अर्ज भरा, त्या कुटुंबाबरोबर रांगेत उभे राहा. तुम्ही बरोबर असलात की खिडकीमागचा माणूस वेगळ्या आवाजात बोलतो, हे मी कितीदा पाहिले आहे. सरकारने आदिवासी कुटुंबांसाठी चार हजार रुपयांची खावटी योजना मंजूर केली आहे, निम्मी रोख आणि निम्मा किराणा. तिच्या याद्यांतही आपली माणसे आली पाहिजेत.

दुसरी विनंती अफवांची. याच महिन्यात, १६ तारखेपासून, कोरोनाची लस द्यायला सुरुवात झाली आहे. आज ती आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळते, पुढे सर्वांची पाळी येईल. वस्त्यांवर आत्ताच बोलले जाते की सुई टोचली की माणूस मरतो, बाईला मूल होत नाही. त्या बिचाऱ्यांना हसू नका. गावाने ज्यांना नेहमी लांब ठेवले, त्यांनी गावाच्या सुईवर एका दिवसात विश्वास का ठेवावा? विश्वास आधी जमवावा लागतो. आणि आपल्याच मोबाईलवर असे काही आले तर पुढे पाठवू नका. लसीबद्दल असो, एखाद्या जातीबद्दल असो, धर्माबद्दल असो. खात्री नसलेला संदेश पुढे ढकलणे म्हणजे शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देणे आहे. आज्ञा दहाच आहेत आणि ही त्यातली एक आहे.

तिसरी विनंती ओळखीची. वर्षातून एकदा नाताळात गाडी भरून वस्तीवर जायचे, केक वाटायचा, फोटो काढायचा आणि परतायचे, एवढ्यावर थांबू नका. एक वस्ती आपली म्हणा. तिथल्या दहा माणसांची नावे पाठ करा. त्यांना आपली नावे कळू द्या. रविवारी प्रार्थनेत "आदिवासी बांधव" असे मोघम म्हणण्याऐवजी त्यांची नावे घ्या. रोग पुन्हा वाढणार नाही असे कोणी सांगू शकत नाही. वेशीवर पुन्हा काटे पडलेच, तर ते उचलायला सांगणारा माणूस दोन्हीकडच्या ओळखीचा असला पाहिजे.

पालावर जन्मलेली ती मुलगी आता नऊ महिन्यांची झाली. तिच्या आजोबांकडे जन्माचा कागद नाही, वडिलांकडेही नाही. तिची नोंद मात्र रुग्णालयाने केली, आणि गेल्या महिन्यात आम्ही तिचा दाखला तिच्या आईच्या हातात दिला. आईला वाचता येत नाही. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "यावर हिचं नाव आहे ना?" मी म्हटले, "आहे." तिने तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पालाच्या बांबूला उंच बांधून ठेवला, भिजू नये म्हणून. अशा पिशव्या या वर्षी पुष्कळ पालांत बांधल्या जाव्यात, यासाठी आपण प्रार्थना करा आणि हातही लावा.

 प्रभू आपल्या घरांना, आपल्या आजाऱ्यांना आणि वेशीबाहेरच्या आपल्या भावंडांना सांभाळो. आमेन.